राज्य ओलांडताना बंदूक: ‘केंद्राचा कायदा आहे, कुणी हात लावत नाही’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या बंदूकधारकांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळीही तो बिनधास्त पुढे पाठवतात: "१९८६चा केंद्रीय कायदा आहे. आपल्या राज्याचं लायसन्स असलं की बंदूक गाडीत टाका आणि कुठल्याही राज्यातून जा, अटक होत नाही. झालीच तर पोलिसांकडून नुकसानभरपाई घ्या. शिवाय २०२२च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रश्नच मिटला."

कायदा आहे, एवढं खरं. बाकीच्यावर भरवसा ठेवून माणसं कोठडीत गेली आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी लायसन्स. ड्रायव्हिंग लायसन्स पन्नासही राज्यांत चालतं, मग हेही चालत असेल, असं लोक धरून चालतात. पण दुसऱ्या राज्याचं परमिट, म्हणजे बंदूक सोबत बाळगण्याचं लायसन्स, मानायचं की नाही हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं, आणि न्यू जर्सी व न्यूयॉर्क कुणाचंच मानत नाहीत. २०१३मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेची गाडी न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी थांबवली. पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचं परमिटही आहे, हे तिनं स्वतःहून सांगितलं. तिला अटक झाली आणि किमान तीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची तलवार डोक्यावर आली. २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. सगळ्या राज्यांनी एकमेकांची परमिटं मानावीत, असं विधेयक २०१७मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं.

मग १९८६चा कायदा देतो तरी काय? फक्त मधल्या राज्यांतून जाण्याची वाट, तीही अटींवर. निघता तिथे आणि पोचता तिथे, दोन्हीकडे ती बंदूक जवळ बाळगणं तुम्हाला कायदेशीर असलं पाहिजे. बंदूक रिकामी हवी. बंदूक आणि गोळ्या, दोन्ही सीटवरून हाताशी येता कामा नयेत, म्हणजे डिकीत हव्यात. एसयूव्हीसारखी वेगळी डिकी नसलेली गाडी असेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल त्या पेटीच्या जागी चालत नाही. टेक्सासहून पिस्तूल घेऊन मॅनहॅटनमधल्या भावाकडे मुक्कामाला जाणाऱ्याला या कलमाचा काहीच उपयोग नाही, कारण त्याचं पोचण्याचं ठिकाणच न्यूयॉर्क आहे.

हे किती काटेकोर आहे ते २००५च्या, न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावरच्या प्रकरणात दिसतं. यूटाचे एक गृहस्थ विमानानं पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनला निघाले होते. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद, काउंटरवर रीतसर सांगून सामानात दिलेलं. नेवार्कला पुढचा प्रवास हुकला, बॅग ताब्यात आली आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी परत काउंटरवर जाऊन त्यांनी पिस्तूल असल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तिथेच त्यांना अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्यांनी दावा लावला, पण २०१०मध्ये न्यू जर्सीवर अधिकार असलेल्या केंद्रीय अपील कोर्टानं त्यांच्या विरोधात निकाल दिला: रात्रभर बॅग त्यांच्याजवळ होती, म्हणजे बंदूक हाताशी होती, म्हणून संरक्षण नाही. त्यांची यात काही चूक नव्हती हे कोर्टालाही मान्य होतं. बॅग घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांकडे जाता आलं असतं, असं कोर्टानं सुचवलं. रात्री अडकलेल्या प्रवाशाला हे कुठून सुचणार? मला हा निकाल कठोर वाटतो, पण त्या भागात तो लागू आहे. त्याच कोर्टानं २०१३मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की हे कलम वाहनातल्या नेण्यापुरतंच आहे, विमानतळाच्या इमारतीतून बॅग घेऊन चालण्याला नाही.

नुकसानभरपाईचं उत्तर छोटं आहे. न्यूयॉर्कवर अधिकार असलेल्या अपील कोर्टानं २०१०मध्येच सांगितलं की या कलमाच्या आधारे पोलिसांवर भरपाईचा दावा चालत नाही.

२०२२च्या निकालानं न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा, मगच परमिट’ ही अट रद्द केली. परमिट लागतंच. दुसऱ्या राज्याचं परमिट माना, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट त्या फिरणाऱ्या दाव्यात मुळी नाहीच. ज्याला केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायलाच बंदी आहे, त्याला हे संरक्षण मिळत नाही. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर ही बंदी आहे, आणि तो केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते. पण परराज्यात परमिटशिवाय पिस्तूल सापडून दोषी ठरला, तर शिक्षेपाठोपाठ त्याच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते, मग तो तिथे वीस वर्षं राहिलेला का असेना.