कंपनीचा मेल टाकला म्हणून अख्खा फोन साहेबाच्या हातात जात नाही

आमच्या हिंगण्याकडच्या ऑफिसांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरून राहिला. स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल टाकू नका, टाकला की कंपनीला तुमचे फोटो, व्हॉट्सॲप, लोकेशन सगळं दिसतं, नोकरी सोडली की अख्खा फोन पुसते, म्हणून ऑफिसचे मेल आपल्या जीमेलवर फॉरवर्ड करून घ्या. लोकांच्या फोनवर मेल टाकून द्यायचं कामच माझं, सकाळपासून जो तो हेच विचारतो बाप्पा, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

फोटो अन् व्हॉट्सॲप: नाही दिसत. मेलचं अकाउंट टाकल्यानं सर्व्हरला तुमची गॅलरी उघडता येत नाही. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असलं (5.0 पासून आहे, म्हणजे 2014 पासून) तर ऑफिसची ॲप्स ब्रीफकेसच्या चिन्हासकट वेगळ्या कप्प्यात राहतात अन् ॲडमिनचं (म्हणजे आमच्यासारख्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांचं) राज्य त्या कप्प्यापुरतंच. इंट्यूनमध्ये (ऑफिसच्या कामाचे फोन सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) माझ्या स्क्रीनवर काय येतं, तर फोनचं मॉडेल, ओएसचं व्हर्जन, एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद) आहे का, कंपनीच्या पॉलिसीत बसतो का. तुमच्या फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंग पाहायची सोय नाही, अन् खरं सांगू का, हौसही नाही.

लोकेशन: लॉगिनच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) शहर साधारण कळतं, नागपूर की पुणे इतपत. सेल्सच्या पोरांना हजेरीचं ॲप टाकायला लावतात ते लोकेशन घेतं, पण ती परवानगी तुम्ही वेगळी देता, मेलचा त्यात काय संबंध?

आता फोन पुसायचं. यात मात्र अर्धा दम आहे, अन् नेमकं हेच फॉरवर्डवाल्याला नीट सांगता आलं नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये साध्या मेल ॲपात एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिस मेल सर्व्हर) अकाउंट टाकलं की डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर ताबा द्यायची परवानगी, ॲक्टिव्हेट करायचं का असं विचारणारी स्क्रीन येते, त्या यादीत 'सगळा डेटा पुसणे' हे चांगलं ठळक लिहिलेलं असतं, अन् लोक खाली न पाहता ॲक्टिव्हेट दाबून मोकळे होतात. त्यावर ऑफिसमधून कोणी रिमोट वाइप (दुरूनच फोन पुसायचा हुकूम) मारला तर पोराच्या बारशाच्या फोटोंसकट फोन कोरा. आयफोनच्या मेल ॲपमध्ये एक्सचेंज टाकलं तरी हा वाइप चालतो. पण तोच मेल आउटलुक ॲपमध्ये टाकला तर फक्त आउटलुकमधला डेटा जातो, वर्क प्रोफाइल असलं तर फक्त तो कप्पा. आयमॅपवर, म्हणजे नुसते मेल उतरवून दाखवणारं ते 993 पोर्टवालं सेटिंग, तिथं तर वाइपची सोयच नाही, आम्ही पासवर्ड बदलतो अन् उतरलेले जुने मेल तुमच्याच फोनमध्ये पडून राहतात, डोक्याला ताप आमच्या. तेव्हा भानगड मेलची नाही, तो कोणत्या रस्त्यानं टाकला त्याची आहे.

जे खरंच दिसतं ते या फॉरवर्डमध्ये नाहीच! कंपनीच्या मेलबॉक्समधला मेल कंपनी काढून वाचू शकते, फोनवर टाका की नका टाकू, तो त्यांच्याच सर्व्हरवर आहे. दुसरीकडे बायोडाटा पाठवायचा तर त्या आयडीवरून पाठवू नका भाऊ.

अन् जीमेलवर फॉरवर्ड करायचा सल्ला तर कहरच. मायक्रोसॉफ्ट 365 (ऑफिस मेलची मायक्रोसॉफ्टची सेवा) मध्ये कंपनीबाहेर ऑटो-फॉरवर्ड डिफॉल्टनंच बंद असतो, तो काय उगाच? गिऱ्हाइकाचे रेट, कोटेशन, कोणाची पगारस्लिप असं सगळं तुमच्या खासगी खात्यात साचलं अन् उद्या ते खातं हॅक झालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार, नोकरी सोडल्यावर तर आणखी भारी पडणार.

शनिवारी सावजी खायला बसलात अन् साहेबाचा मेल नको असला, तर वर्क प्रोफाइलवाल्यांनी वरची पट्टी ओढून वर्क ॲप्स पॉज करा. कायमचंच काढायचं तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात वर्क, रिमूव्ह वर्क प्रोफाइल. ऑफिसचा कप्पा जातो, तुमचे फोटो जिथल्या तिथं.