प्राणिजात आणि पाल

मूल झोपवणे हे काम वरकरणी दहा मिनिटांचे असते. दूध पिऊन झाले, दात घासून झाले, पांघरूण अंगावर आले, की दिवा मालवून आपण ओट्याकडे वळायचे, असा सरळ हिशेब असतो. आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येच्या बाबतीत या हिशेबाला प्रार्थना आडवी येते. प्रार्थना चालू असताना दिवा मालवता येत नाही, मध्येच उठता येत नाही आणि 'आवर आता' असे म्हणण्याची तर सोयच नाही, कारण देवाशी बोलणाऱ्या नातीला गप्प बसवणारा बाप म्हणून पलीकडच्या खोलीतल्या आजीसमोर उभे राहण्याची माझी छाती नाही. हे वर्म कन्येला अचूक सापडलेले आहे.

मूळ बेत साधा आणि सात्त्विक होता. तिन्हीसांजेला 'शुभं करोति' आणि निजताना पसायदान. नऊच ओव्या, सावकाश म्हटल्या तरी फार वेळ लागत नाही. परंतु 'जो जे वांछील तो तें लाहो, प्राणिजात' येथे गाडी अडते. प्राणिजात म्हणजे प्राणी, असा बिनतोड अर्थ लावून कन्येने पुढची जबाबदारीही शिरावर घेतली आहे: एखादा प्राणी सांगायचा राहिला, तर त्याला हवे ते मिळणार नाही. त्यामुळे पार्किंगमधल्या मांजरी, इस्त्रीवाल्या काकांचा कुत्रा, मी रोज हुसकावून लावतो ती खिडकीतली कबुतरे आणि ट्यूबलाइटमागची पाल यांची रीतसर हजेरी होते. पालीला काय हवे असेल, यावर एका रात्री बरीच चर्चा होऊन 'डास' असा निष्कर्ष निघाला. मग डासांना काय हवे असेल, असा प्रश्न आला आणि मी घाईघाईने पुढची ओवी सुरू केली. परस्परविरोधी अर्ज एकाच खिडकीवर आले, तर आतल्याने काय करावे, हे मला कचेरीतही कधी उमगलेले नाही.

यानंतर आभार. ही भर आजीची. "आज ज्यानं ज्यानं आपल्यासाठी काही केलं, त्याचं नाव घ्यायचं," असे तिने शिकवले, तेव्हा तिच्या मनात शेतकरी, सैनिक आणि झालेच तर आईवडील असावेत. प्रत्यक्षात पहिला मान घंटागाडीला मिळाला. मग पोळ्यांच्या मावशी, मग मिक्सर, मग डाव्या पायाचा मोजा. उजवा हरवलेला असल्यामुळे त्याचे आभार मानण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

मध्यंतरी एकदा ऐन संध्याकाळी आमच्या भागातली वीज गेली. मी तक्रार नोंदवण्यासाठी फोन कानाला लावून बसलो होतो आणि पलीकडचे संगीत ऐकून ऐकून तापलो होतो. त्याच रात्री कन्येने डोळे घट्ट मिटून, हात जोडून सांगितले, "लाइट घालवणाऱ्या काकांना थँक्यू." चौकशीअंती कळले, की वितळेल म्हणून आइस्क्रीम जेवणाआधीच खायला मिळाले, मेणबत्तीच्या उजेडात आईने भिंतीवर हाताच्या सावलीचा कुत्रा केला आणि तिचा लॅपटॉप बंद होता. तक्रार करावी असे काय घडले होते, हे तिला मी पटवून देऊ शकलो नाही. वीज गेल्यावर मीही तेच आइस्क्रीम खाल्ले होते, वाटीभर.

माझ्या स्वतःच्या प्रार्थनेत आभार हे सदरच नाही. पगारवाढ, गृहकर्जाचा व्याजदर आणि गुडघे एवढ्या तीन मागण्या मी देवापुढे ठेवतो आणि चार दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्रही देतो. ज्ञानेश्वरांनी 1290 साली सुमारे 9000 ओव्यांचा ग्रंथ पुरा केला. एवढे काम उरकल्यावर त्यांनी स्वतःपुरते काही मागून घेतले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी दुष्टांचा दुष्टपणा जावो म्हटले, सगळ्यांची एकमेकांशी मैत्री व्हावी म्हटले. मी तर नुसते प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले, तरी देवाने त्याची दखल घ्यावी, अशी माझी अपेक्षा असते.

आभारांच्या यादीत मी बरेच दिवस नव्हतोच. बायकोचे नाव आइस्क्रीमच्या रात्रीपासून कायम झाले, हे तिने मला दोनतीनदा सहज म्हणून सांगितलेही. मग रविवारी मी कपाटाखाली पालथा पडून धुळीत माखलेला उजवा मोजा शोधून काढला. रात्री कान टवकारून ऐकले. घंटागाडी, मावशी, मिक्सर, आई, डावा मोजा, उजवा मोजा आणि "मोजा काढणारा बाबा". पाल अजून माझ्या वर आहे, पण ती डास खाते, त्यामुळे त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.