रॉजर्स नुसते 'हं, हं' करणारे नव्हते
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यावरच्या लेखात त्यांना 'शांतपणे ऐकून घेणारे प्रेमळ गृहस्थ' म्हणून सोडून दिलंय, ते पटलं नाही. त्यांचं खरं धाडस संशोधनातलं. समुपदेशनाच्या बंद खोलीत काय चालतं, हे तोवर थेरपिस्ट सांगेल तेवढंच जगाला कळायचं. रॉजर्सनी सत्रं तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ च्या पुस्तकात एका माणसाची आठही सत्रं शब्दशः छापली, समुपदेशक कुठे घसरला याच्या टिपांसकट!

नागपुरात समुपदेशनाचा कोर्स करताना आमच्या मॅडम सरावाची सत्रं मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गात लावायच्या. एकात मुलगी "घरी सांगायची भीती वाटते" म्हणते न म्हणते तोच आमचा वर्गमित्र सुरू, "काही नाही होत बापा, सांगून टाक!" पुढे पोरीचा आवाजच नाही, नुसता पंख्याचा. त्याला तोंडी विचारलं असतं, तर "मस्त ऐकून घेतलं" हेच उत्तर मिळालं असतं.

आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांवर रॉजर्सनी आपली पद्धत तपासून पाहिली, तो अभ्यास? निकाल त्यांच्या मनासारखे आले नाहीत, तरी १९६७ मध्ये ते छापले गेले. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.