‘वर कच्चं पीठ, खाली पाणी’: पीच कॉबलरच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

गणपतीच्या रविवारी तुमच्याकडे वीसेक माणसं जेवायला होती. आमच्याकडून नेलेल्या पीच कॉबलरच्या (पीचच्या फोडींवर पीठ घालून भाजायचा गोड पदार्थ) दोन ट्रेंपैकी एक तुम्ही त्या दिवशी भाजलात आणि नंतर दोन तारे देऊन लिहिलंत: रस पाण्यासारखा, वरचं पीठ खालून कच्चं, तळाला क्रस्टच (भाजलेल्या पिठाचा थर) नाही, ‘जॉर्जियाचे पीच’ म्हणून चक्क फ्रोजन, वेलचीचा पत्ता नाही, आणि एवढ्यासाठी ट्रेला ३६ डॉलर. पैसेही परत मागितलेत. अभिप्राय सविस्तर आहे हे बरंच झालं, कारण कुठे काय बिनसलं ते त्यातच सापडतं. तुम्ही म्हणता, घाई होती म्हणून पिठाचे गोळे सुरुवातीलाच फळावर मांडले, पुलावाच्या ट्रेशेजारी ३५० अंश फॅरनहाइटवर अर्धा तास ठेवलं, वर रंग आल्यावर काढलं आणि लगेच वाढलं.

आम्ही ट्रेमध्ये फळ आणि पिशवीत गोळे असे वेगळे देतो, ती पॅकिंगची हौस नाही. सोबतच्या कार्डावर लिहिलंय की आधी नुसतं फळ ३७५ वर २५ मिनिटं, ट्रेच्या कडेने रस उकळायला लागेपर्यंत. मग गोळे, आणि पुन्हा निदान अर्धा तास. फळ कढत असलं की गोळ्याला वरून ओव्हनची धग आणि खालून वाफ मिळते, बेकिंग पावडर जागी होते आणि पीठ रस ओढून घ्यायच्या आत फुगून धरतं. फळ गार असेल तर खालची बाजू रसात भिजत पडते आणि वरून सोनेरी दिसणारा गोळा पोटात गिच्च राहतो. नुसत्या रंगावर जाऊ नका. एक गोळा उचलून मधोमध फोडून बघायचा.

रस पातळ राहिला त्याचंही कारण हेच. त्यात साखरेबरोबर कॉर्नस्टार्च आहे, आणि कॉर्नस्टार्च जवळजवळ उकळीला, साधारण ९५ अंश सेल्सियसला पोचल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. कोमट पाण्यात तांदळाची पिठी ढवळून मोदकाची उकड होत नाही, तसंच. गोळे घातल्यावर मात्र बुडबुडे कडेला आले म्हणजे झालं असं नाही, ट्रेच्या मध्यभागी आले पाहिजेत, आणि तेही जड, सावकाश फुटणारे. शेजारी पुलावाचा भरलेला ट्रे असला की ओव्हनचं तापमान उतरतं. घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतली खरी धग यांत एरवीही अंतर असतं, म्हणून कार्डावर मिनिटांपेक्षा बुडबुड्यांवर भर आहे. बाहेर काढल्यावरही अर्धा तास थांबावं लागतं, कारण रस आळतो तो निवताना. ओव्हनमधून थेट वाटीत, वर आइस्क्रीम, म्हणजे तो पळणारच.

तळाला क्रस्ट नाही, ही मात्र तक्रार होऊ शकत नाही. क्रस्ट हवा तर पाई आहे, आमच्या यादीत तीही आहे. कॉबलर चमच्याने वाढायचा, त्याचे सुबक त्रिकोण कापले जात नाहीत. इथे अमेरिकेच्या दक्षिणेत एकाच गावात तीन घरी तीन तऱ्हा दिसतात: कोणी पाईच्या पिठाच्या पट्ट्या घालतं, कोणी वितळलेल्या बटरवर पातळ पीठ ओतून त्यावर फळ सोडतं, कोणी आमच्यासारखे बिस्किटाचे गोळे ठेवतं. इथलं बिस्किट म्हणजे पार्ले-जी नव्हे, बटरमिल्कमध्ये भिजवलेली मऊ, पदर सुटणारी भाकरी म्हणा हवं तर. १८३९ साली छापलेल्या केंटकीच्या एका पाकपुस्तकात पीच कॉबलर आहे, आणि तिथेही तो घरच्यांसाठी उत्तम पण पाहुण्यांपुढे मिरवण्यासारखा नाही अशा अर्थाचंच म्हटलंय. तुमच्या पाहुण्यांना तो ‘विस्कटलेला’ वाटला असेल, तर त्याची ती ख्याती फार जुनी आहे.

आता फ्रोजनचं. जॉर्जियात पीच मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. गणपतीत इथल्या झाडावर पीच नसतो. तेव्हा दुकानात दिसतो तो बहुतेक दुसऱ्या राज्यातून, प्रवास सोसावा म्हणून कडक असताना तोडलेला. आम्ही जूनअखेरीपासून फ्रीस्टोन पीच घेतो, ज्यांची कोय हाताने अलगद सुटते. मेमधल्या सुरुवातीच्या जातींत गर कोयीला घट्ट चिकटलेला असतो, अर्धं फळ सुरीलाच जातं. मग तळाशी फुली मारून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, साल काढून, फोडी करून त्या पिकलेल्या अवस्थेतच गोठवतो. ऑर्डरच्या यादीत ऑगस्टनंतरच्या ट्रेपुढे ‘गोठवलेल्या फोडी’ असं लिहिलेलं असतं. गोठवताना बर्फाचे कण फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे अशा फोडींना रस जास्त सुटतो, हे खरं. म्हणून त्या ट्रेमध्ये कॉर्नस्टार्चही जास्त असतो, आणि म्हणूनच मधोमध उकळी येणं इतकं गरजेचं.

जॉर्जियाचंच फळ का, असंही तुम्ही विचारलंत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर पीच मिरवणारं हे राज्य उत्पादनात कॅलिफोर्नियाच्या आणि शेजारच्या साउथ कॅरोलिनाच्याही मागे आहे. तरी आम्हाला इथलं परवडतं, कारण तोडल्यावर दोन दिवसांत हातात येतं. पीचच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते आणि मोहर आल्यावर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, अजिबात चालत नाही. २०२३ साली हिवाळा उबदार गेला, मार्चमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि राज्याचं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. त्या वर्षी आम्ही डब्यातले पीच वापरण्यापेक्षा कॉबलर यादीतूनच काढला होता. ३६ डॉलरमध्ये हे सगळं येतं, आणि सोलणाऱ्या दोघींची मजुरीही.

‘अंडं नाही म्हणून फुगलं नाही’ असा तुमचा तर्क आहे. बिस्किटाच्या पिठात अंडं मुळात लागत नाही, ते फुगतं थंडगार बटरच्या तुकड्यांवर आणि बेकिंग पावडरवर. गणपतीत आमच्याकडे कॉबलरची जास्त ऑर्डर येते ती अंडं नसल्यामुळेच. वेलची मात्र आम्ही घालणार नाही, मागितली तरी नाही. ती पीचवर चढून बसते आणि मग फळ कुठलं होतं तेच कळत नाही. जायफळ आहे, ते इथल्या आज्यांच्या कॉबलरमध्येही असतं, श्रीखंडातल्यापेक्षा जरा कमी.

भाजलेल्या ट्रेचे पैसे परत देत नाही. दुसरा ट्रे अजून तुमच्या फ्रीझरमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. तो आणि गोळ्यांची पिशवी आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा. ओव्हन ३७५ वर पूर्ण तापू द्या, आत दुसरं काही नको. ट्रे खालच्या जाळीवर ठेवा आणि त्याच्याखाली एक पत्रा, कारण रस उतू जातो. आधी फळ, मग गोळे, वर लवकर रंग चढला तर फॉइल सैल टाका पण बाहेर काढू नका. मधोमध उकळी दिसेपर्यंत भाजा आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबा. एवढं करून रस पळाला किंवा गोळा आतून कच्चा निघाला, तर फोटो पाठवा, दोन्ही ट्रेचे ७२ डॉलर त्याच दिवशी परत करू.