जेवणाऱ्याला उठवू नये, एवढं साधं आहे

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहून टाकते. लांबेल. वेळ नसेल तर पुढे जा.

महाशिवरात्र होऊन तीन-चार दिवस झाले, म्हणजे सध्या सकाळची ओहोटी नेमकी उजाडल्यावर येते. खाडीच्या तोंडाशी चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर चिखल्यांचा, म्हणजे चिखलातले किडे टिपणाऱ्या छोट्या पाखरांचा, थवा पांगून टिपत होता. मध्ये चार टिलवे, पलीकडे लांब वाकड्या चोचीचे दोन कोरल. एवढ्यात दोन गाड्या आल्या. एकाने मोबाइल धरला, दुसरा हात पसरून ओरडत थव्यात घुसला. सगळे भुर्रकन उठले, पाण्यावरून वळले, पुन्हा बसले. ‘परत एकदा, उजेड नीट नव्हता.’ परत धावला. मग ड्रोन निघाला. मी जाऊन सांगितलं, तर म्हणतो कसा, “ताई, पक्षी उडतातच ना?”

उडतातच ना! अरे, उडण्यासाठीच तर खातायत!

आमच्या वाडीत एक काकी आहेत. लुगड्याचा काष्टा, हातात बालदी, पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपत तिसऱ्या (शिंपल्या) काढायच्या. लहानपणी मी त्यांच्या मागे जायचे आणि पाखरं दिसली की धावायचे, सगळी पोरं धावतात तशीच. काकींनी एकदा नुसतं मागे वळून विचारलं, “जेवणाऱ्याक कोण उठयता काय गो चेडवा?” बस्स. त्या जन्मात कधी शाळेत गेल्या नाहीत. चिखल्या त्यांच्यापासून पाच-सात हातांवर टिपत असायचे आणि उडायचे नाहीत, कारण काकी वाकून, हळू, तिरक्या चालायच्या. त्याही पोटासाठीच आलेल्या, तेही.

इथे माझ्या मित्रयादीत आहेत त्यांना मी काय सांगणार, पण तरी सांगते. हे पाहुणे हिवाळाभर आपल्याकडे असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये तिबेट, मध्य आशिया, सैबेरियाकडे अंडी घालायला निघतात. निघण्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते. काही जातींत तर वजन जवळजवळ दुप्पट होतं. आणि जेवायला वेळ किती? चिखल उघडा असेल तेवढाच. भरती-ओहोटी मंद असते त्या भांगाच्या दिवसांत पाणी धड ओसरतही नाही, म्हणजे ताट आणखी लहान. त्यातला अर्धा तास तुझ्या रीलसाठी हवेत घालवायचा.

चिखल्या खातो कसा ते एकदा बसून बघा. चार पावलं धावतो, थांबतो, मान कलती करतो. परत धावतो. चोच खुपसतो आणि किडा ओढायला लागतो. किडा ताणला जातो, तर हा जोर लावत नाही. तुटू नये म्हणून क्षणभर थांबतो, मग सावकाश ओढून काढतो. आता फाल्गुनात एकेकाच्या छातीवर तांबूस झाक यायला लागलीय. सोन चिखल्यांची पोटं काळी पडायला लागलीत, ठिगळ लावल्यासारखी. हे बघायला गोंगाट कशाला लागतो?

मान्य, घारही उठवते त्यांना. वाडीतले कुत्रेही. होड्याही जातात. पण घार भुकेली असते, तिला ‘परत एकदा’ नको असतं.

आणि हो, पर्यटनावर गावात चार घरं चालतात, तेही मान्य. माझ्या मावसभावाचंच होमस्टे आहे, त्यामुळे मला कुणी शिकवू नका. पण पाहुण्याला खाडीवर न्यायचं तर आधी दोन शब्द सांगायला काय जातं? तिवरं तोडलीत तर कोर्ट विचारतं. खारफुटीचा नाश म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा, भंग, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय. चिखलपट्टीही सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा जपण्याच्या नियमांत येते, तिथे सहसा बांधकाम करता येत नाही. पण थव्यात धावणाऱ्याला कोण अडवणार? काकी आता गुडघ्यांमुळे खाडीत उतरत नाहीत.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग जरा उतरला.

परत येताना बांधावरून आले. पांगारा पेटलाय नुसता. एक पान नाही, आणि बुलबुल, साळुंक्या, शिंजीर सगळे तिथेच भांडतायत. पाण्याच्या कडेला मारांडीला जांभळी फुलं आलीत, पानांचे काटे सांभाळून बघायची. चिपीखाली चिखलावर पांढऱ्या तंतूंचा सडा होता. तिचं फूल संध्याकाळी उमलतं आणि वटवाघळं येऊन जातात. सकाळी तंतू गळलेले. पांढरी चिपी हा २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, किती जणांना माहीत असेल? त्या तंतूंवरून एक निवटी (चिखलावर सरपटणारा मासा) सरपटत गेली आणि तिच्यामागे एकाच मोठ्या डेंग्याचा खेकडा बिळाबाहेर येऊन डेंगा हलवायला लागला. त्याच्यापासून वीस पावलांवर ती मुलं बिसलेरीच्या बाटल्या टाकून गेली होती. त्याही मीच उचलल्या, हे वेगळं सांगायला नको.

तर चाकरमान्यांनो, शिमग्याला येणारच आहात. होळीनंतर दोन-तीन दिवसांनी सकाळची ओहोटी पुन्हा अशीच उजाडल्यावर येईल आणि चिखल्यांच्या छातीवरचा तांबूस रंग तोवर गडद झालेला असेल. ज्याला बघायचंय त्याने सहाला माझ्या अंगणात यायचं. पोरांना आणा, दुर्बीण माझ्याकडे आहे. पांढरे शर्ट नकोत, कुत्रा नको, आणि ड्रोन आणलात तर घावणे मिळणार नाहीत.