घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरण्यावरचा हा लेख चांगलाय पण त्यातलं 'घोरणाऱ्याला निदान झोप तरी गाढ लागते' हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्हीपण बाबांबद्दल वर्षानुवर्षं हेच समजत होतो. आडवे झाले की दोन मिनिटांत घोरायला लागायचे, तरी सकाळी डोकं जड, तोंड कोरडं आणि दुपारी पेपर वाचता वाचता मान खाली. एकदा त्यांच्या खोलीत झोपले तेव्हा कळलं, घोरणं मधेच थांबायचं, छाती हलतेय पण श्वासाचा आवाजच नाही, मी अंधारात आकडे मोजत बसले, २२ पर्यंत गेले आणि मग गचका देऊन त्यांनी श्वास घेतला. हात थरथरत होते माझे.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि सकाळी माणसाला यातलं काहीच आठवत नाही. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला तर ते धरतात, आणि असं तासाला ३० च्या वर झालं तर गंभीर. झोपेच्या टेस्टमध्ये बाबांचे तासाला ३८ निघाले! बीपीही त्यामुळे वाढू शकतं. आणि कृपया अशा माणसाला स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नका, काही गोळ्यांनी घसा अजून सैल पडतो, लेखात हे यायलाच हवं होतं. बाबा आता सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) लावून झोपतात, पहिले पंधरा दिवस मास्क काढून फेकायचे, आता स्वतःहून मागतात.