आदिवासींचा इतिहास शिकवायचा, तर साहित्य नीट निवडा

९ ऑगस्ट जवळ आला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदिवासी दिनाच्या पीडीएफ फिरायला लागतात. कमरेला पानं, डोक्यावर पिसं, हातात भाला आणि खाली 'निसर्गाची पूजा करणारे भोळे लोक' छापाच्या चार ओळी. ना कुणाचं नाव, ना गाव, ना साल. असलं साहित्य मी वर्गात नेत नाही. तुम्हीही नेऊ नका, ही कळकळीची विनंती. आपल्यासमोर वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलं बसलेली असतात. बऱ्याचदा ती तसं सांगतही नाहीत.

वारली चित्रांचंच बघा. मडक्यावर त्रिकोणांची माणसं काढून झाली की आपल्या लेखी वारली शिकवून संपले! मूळचा लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं. मधोमध पालघट, म्हणजे वारल्यांची लग्नाची देवी. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात.

आणि तिथेच थांबू नका. याच वारल्यांनी मे १९४५ मध्ये झरी गावात जमून ठरवलं, वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी, करायची नाही आणि रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या कामाला जायचं नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. चित्रातली माणसं आणि ही माणसं एकच आहेत, हे मुलांना कळायला नको?

यासाठी या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचाच, वर्गातही वाचून दाखवा. पण लढ्यात जीव ओतला तरी त्या बाहेरून आलेल्या होत्या. वारल्यांचं स्वतःचं सांगणंही मुलांच्या कानावर पडायला हवं. पाड्यावरच्या एखाद्या आजीला बोलवा, तिथल्या शिक्षकांना बोलवा, आणि मानधन द्या. शाल-नारळावर भागवू नका.

नवीन पुस्तक हातात आलं की मी आधी लेखक कोण ते बघते, मग माणसांना नावं आहेत का ते. आणि 'आदिवासी जंगलात राहत असत' असलं, जणू ते आता उरलेच नाहीत असं वाक्य दिसलं की पुस्तक बाजूला ठेवते. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात एक कोटीहून जास्त आदिवासी आहेत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर साऱ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळवला. बिरसा मुंडा जरूर शिकवा, पण इंग्रजांविरुद्ध लढून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे आपल्याच मुलांना माहीत नसावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

वारली, कातकरी, कोरकू, माडिया लेखकांनी स्वतः लिहिलेलं, पाचवी ते आठवीला वाचता येईल असं काही तुमच्याकडे असेल, तर खाली नक्की सांगा. शाळेच्या ग्रंथालयाची यादी याच महिन्यात द्यायची आहे.